इस्तंबूलहून एका दिवसात इझनिक आणि बुर्सा: गाडी उलटी फिरवायला हवी होती

गोदाकाठी (धागाकर्ती)

एप्रिलमध्ये मी, आई (वय ७१, गुडघे कुरकुरणारे) आणि दादा असे तिघे तुर्कस्तानला जाऊन आलो. इस्तंबूल आणि कप्पाडोकियावर इथे पोतंभर धागे आहेत, त्यात माझी भर नको. शेवटचा एक दिवस रिकामा होता, तो आम्ही इझनिक आणि बुर्सा या दोन गावांच्या सहलीत घातला. मराठीत त्यावर काही सापडलं नव्हतं, म्हणून लिहिते. चुकलं तर शंकेखोर आहेतच.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘ख्रिस्ती आणि उस्मानी (म्हणजे ऑटोमन) वारशाची गावं’. मला वाटलं एक गाव यांचं, एक त्यांचं. प्रत्यक्षात दोन्ही गावांत दोन्ही आहे, आणि तेही थरावर थर. नाशिकला सराफ बाजारातून खाली गोदावरीवर येताना चार शतकं पायाखालून जातात ना, तसं.

पहाटे साडेसहाला हॉटेलच्या दारात मिनीबस आली. आम्ही तिघे धरून एकूण अकरा माणसं आणि एक गाइड. गाइड तरुण, हसरा, बडबड्या. साडेआठच्या सुमारास इझमितच्या आखातावरचा उस्मानगाझी पूल लागला. २०१६ साली सुरू झाला, लांबी २,६८२ मीटर. पूर्वी इथे फेरीबोटीत गाडी चढवायची नाहीतर आखाताला लांबलचक वळसा घालायचा. आई खिडकीला नाक लावून बसली होती. पूल संपल्यावर म्हणाली, "वांद्र्याचा सागरी सेतू यापुढे बाळ वाटतो गं."

पुढे ऑलिव्हच्या बागा आणि डाव्या हाताला इझनिकचं तळं. तळं म्हणायचं, पण समोरचा काठ धूसर दिसतो. या गावाचं जुनं नाव निकेया. इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं ख्रिस्ती बिशपांची पहिली मोठी परिषद भरवली ती इथे. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते. आज गाव आपल्या वाई-मेणवलीच्या मापाचं. भोवती जवळजवळ पाच किलोमीटरची रोमन तटबंदी, तिच्या वेशीतून ट्रॅक्टर जातात आणि वेशीला लागून कुणाची तरी कोबीची लागवड.

आम्हाला इथे दिले दीड तास. दीड! त्यात हागिया सोफिया (इस्तंबूलची नव्हे, हिची धाकटी बहीण), येशिल जामी म्हणजे हिरवी मशीद, तळ्याचा काठ आणि एक वेस. आणि मग तासभर एका टाइल्सच्या दुकानात चहा! दुकान सहलीच्या कागदावर ‘कार्यशाळा भेट’ म्हणून होतं. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीनचार कंपन्या हेच करतात असं नंतर कळलं.

हागिया सोफियात जायला चार पायऱ्या उतराव्या लागतात, कारण गावाची जमीन शतकानुशतकं वर चढत गेली आणि इमारत खाली राहिली. आत गारवा. मूळ चर्च. १३३१ मध्ये उस्मानच्या मुलाने, ओरहानने, गाव घेतलं तेव्हा मशीद केली. मधे पडझड, मग संग्रहालय, २०११ पासून परत मशीद. एका कोनाड्यात भिंतीवर फिकट झालेलं येशूचं चित्र, शेजारी मेरी आणि योहान. पुढच्या अर्धगोलात पुरोहितांना बसायच्या दगडी पायऱ्या, त्यांच्यासमोर मक्केच्या दिशेला आंथरलेला गालिचा. गाइड म्हणाला, "हीच ती जागा. इथेच ३२५ साली परिषद भरली." आईनं हात जोडले.

मला सगळ्यात आवडलं ते निलुफर हातुन इमारेत. मुराद पहिला या सुलतानानं १३८८ मध्ये आईच्या नावानं बांधलेलं. गाइड सारखं "इमारेत, इमारेत" म्हणत होता आणि आम्ही तिघे मनात, हो बाबा, इमारतच आहे, पुढे बोल. दहा मिनिटांनी उलगडा झाला की तुर्कीत इमारेत म्हणजे अन्नछत्र. रोज गरिबांना, वाटसरूंना फुकट जेवण. आई लगेच, "म्हणजे शेगाव!" त्यानंतर तिला गाइडची गरज उरली नाही.

बुर्साला पोचेपर्यंत पावणेदोन. गाव मोठं, गजबजलेलं, मागे उलुदाग पर्वत, एप्रिलमध्येही माथ्यावर बर्फ. १३२६ मध्ये ओरहाननं घेतलं आणि उस्मानी राज्याची पहिली मोठी राजधानी झालं. उलू जामी पाहिली: वीस घुमट, आणि मशिदीच्या आत, मधोमध, पाण्याचा हौद. त्याच्यावरचा घुमट पूर्वी उघडा होता, आता काच आहे. पाण्याचा आवाज भर दुपारी सगळ्या मशिदीत फिरतो. आई खांबाला टेकून बसली ती उठेना. मी ओढणी सावरत दोनदा बोलवायला गेले. "तू फिर, मी इथेच आहे," म्हणाली. कोझा हान ही रेशमाची सराई, इथलीही एक हिरवी मशीद, हिरवा मकबरा, उस्मान आणि ओरहानच्या कबरी, सगळं पळत. रात्री दहाला हॉटेल.

तर प्रश्न असा. हे दोन्ही एका दिवसात करावं का? माझं मत: करू नये. सहलवाल्यांनीच गाडी उलटी फिरवावी, म्हणजे बेत बदलावा: इझनिकला पूर्ण दिवस आणि बुर्साला दुसरा. इझनिक हा काही बुर्साच्या वाटेवरचा चहाचा थांबा नव्हे. कुणी स्वतःहून गेलंय का? जेवणाचं काय केलं?

---

लिंबूटिंबू

पहिला! फोटो कुठायत ताई?

---

शंकेखोर

नाव घेतलंत म्हणून आलो.

१. तुमच्या गाइडनं लोणकढी थाप मारली. हागिया सोफियात भरली ती ७८७ सालची परिषद, जिला दुसरी निकेया परिषद म्हणतात. तेव्हा वाद वेगळा होता, मूर्ती आणि चित्रं पुजावीत की नाही याचा. सम्राज्ञी आयरीनच्या काळात निकाल चित्रांच्या बाजूनं लागला. ३२५ ची पहिली परिषद बादशाही राजवाड्यात भरली होती, तो आता शिल्लक नाही. ही चूक तिथले निम्मे गाइड करतात, कारण पर्यटकाला बोट दाखवायला एक भिंत लागते.

२. आईंनी जोडलेले हात मात्र वाया गेले नाहीत. त्या कोनाड्यातलं चित्र आज तिथे आहे म्हणजे ७८७ च्या निर्णयाचीच ती पुण्याई.

३. आताची इमारतही ३२५ ची नाही. अकराव्या शतकातल्या भूकंपानंतर बरीचशी नव्यानं बांधलेली आहे.

४. १०९७ ची गोष्ट गाइडनं सांगितली का? पहिल्या धर्मयुद्धातले फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातले लोक तटाबाहेर वेढा घालून बसले, आत सेल्जुक तुर्क. तीन बाजू बंद, पण चौथ्या बाजूला तळं, आणि तळ्यातून रसद बिनधास्त चालू. शेवटी बायझंटाइन (पूर्व रोमन) बादशहानं समुद्रावरून बोटी जमिनीवरून ओढत आणून तळ्यात सोडल्या. शहरानं मग फ्रँकांना नव्हे, बादशहाच्या माणसांना दरवाजे उघडले. लुटीची वाट बघत बसलेले फ्रँक भडकले ते भडकलेच.

बाकी लेख छान. वाई-मेणवलीची उपमा पटली नाही, मेणवली फार लहान.

---

वसईकर

गोदाकाठी, मनापासून आभार. आम्ही वसईचे कॅथलिक. रविवारच्या मिस्साबलिदानात जो विश्वासांगीकार म्हणतो, त्याचा उगम या गावात. लहानपणी तो पाठ करताना ‘परमेश्वरापासून परमेश्वर, प्रकाशापासून प्रकाश’ इथे माझी गाडी नेहमी अडायची, आणि आजी पाठीत धपाटा घालायची. पुढे कळलं की त्या ओळी इतक्या घोटून घोटून का लिहिल्या आहेत.

वाद आरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूचा होता. तो म्हणे पुत्र (येशू) हा पित्यानं (परमेश्वरानं) निर्माण केलेला, म्हणजे एके काळी तो नव्हता. परिषद म्हणाली नाही, दोघांचं तत्त्व एकच. त्यासाठी ग्रीक शब्द वापरला होमोउसिओस. नंतर काहींनी तडजोड म्हणून होमोइउसिओस सुचवला, म्हणजे ‘एकच’ ऐवजी ‘सारखंच’. एका इकाराचा फरक, आणि त्यावरून पुढची पन्नासएक वर्षं बिशप हद्दपार होत होते, परत येत होते. ईस्टरची तारीख सगळ्यांनी एकाच रीतीनं धरायची, हेही इथेच ठरलं.

तळ्यातलं चर्च दाखवलं का तुम्हाला? मला त्याचंच वेड आहे.

---

गोदाकाठी

@शंकेखोर, मेणवली मागे घेते. वाई ठेवते. थापेबद्दल धन्यवाद, आईला अजून सांगितलेलं नाही.

@वसईकर, हो, पण काठावरून बोट करून. "तिकडे पाण्यात," एवढंच. दोन मिनिटं. सगळ्यांनी पाण्याचे फोटो काढले आणि बसमध्ये चढले. पाणी खूप मागे हटलंय असं गाइड म्हणाला, दगडाच्या ओळी दिसत होत्या. मला वाटलं जुना धक्का असेल. तुम्हीच सांगा.

---

वसईकर

धक्का नव्हे, बॅसिलिका! सापडली तेव्हा काठापासून साधारण ५० मीटरवर, पाण्याखाली दीडदोन मीटर होती. २०१४ साली विमानातून काढलेल्या फोटोंत अचानक दिसली. बुर्सा उलुदाग विद्यापीठातले प्राध्यापक मुस्तफा शाहीन तिथल्या काठानं वर्षानुवर्षं फिरत होते. त्यांनी ते फोटो बघितले आणि समोर चर्चचा अख्खा आराखडा, अर्धगोलासकट. इतकी वर्षं पोहणाऱ्यांच्या पायाखाली होती. ७४० च्या भूकंपात पडली असावी असं मानतात. संत निओफिटोसच्या नावानं ओळखतात. सोळा वर्षांचा पोरगा, रोमन छळात इथेच मारला गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, परिषदेला १७०० वर्षं झाली म्हणून, पोप लिओ चौदावे आले होते. पहिलाच परदेश दौरा. या अवशेषांच्या शेजारी त्यांनी आणि इस्तंबूलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) बार्थोलोम्यू यांनी एकत्र प्रार्थना केली. आमच्याकडे धर्मग्रामात मोठ्या पडद्यावर दाखवलं, माझी आत्या रडत होती.

---

बोसफरस_बाबू

इस्तंबूलमध्ये नोकरीला चौथं वर्ष. इझनिकला पाचसहा वेळा गेलोय, सहलीनं एकदाही नाही.

स्वतःहून जायचं तर सोपं आहे. येनीकापीहून यालोवाला जलद बोट, तासाभराचा प्रवास. यालोवाच्या बसस्थानकावरून इझनिकची मिनीबस. ती ओरहानगाझीवरून तळ्याच्या कडेनं जाते, पुढच्या सीटवर बसा. सकाळची पहिली बोट धरली तर दहासाडेदहाला गावात. परतीच्या शेवटच्या मिनीबसची वेळ उतरल्या उतरल्या ड्रायव्हरला विचारून ठेवा, आणि रविवारी दुसऱ्यांदा विचारा.

गावात चालायचं. चारही वेशी चालत होतात. इस्तंबूल वेशीच्या आतल्या बाजूला दोन दगडी मुखवटे बसवलेत, डोळे वटारलेले, तोंड उघडं. रोमन नाट्यगृहातून काढून आणलेत असं म्हणतात. लहान मुलं खाली उभी राहून तसंच तोंड करून फोटो काढतात, मीही काढलाय.

टाइल्स बघायच्या तर दुकानात नको, सुलेमान पाशा मदरशाच्या अंगणात जा. जुन्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आता चित्रं काढणाऱ्यांची छोटी छोटी दुकानं आहेत.

---

गोदाकाठी

अरेरे. मदरशाच्या दारावरून आमची बस गेली.

आमच्या दुकानात एक बाई मात्र खरंच काम करत होत्या, ते तासभर बघितलं म्हणून दुकानावरचा राग अर्धा गेला. कागदावर नक्षी, तिच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं. कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवली, कागद उचलला, खाली ठिपक्या-ठिपक्यांचा ट्यूलिप! आई ओरडलीच, "अगं, रांगोळीचा कागद!" आपल्याकडे दिवाळीत भोकांचे कागद मिळायचे तस्सं. मग गाढवाच्या केसांच्या कुंचल्यानं काळी रेघ. त्यांचा श्वास बंद, आमचाही. मग निळा, हिरवा, आणि शेवटी लाल. लाल रंग त्या लावत नव्हत्या, ठेवत होत्या, थेंबथेंब, शिरा घातल्यासारखा जाड. मग काचेच्या लेपात बुडवून भट्टी.

---

शंकेखोर

तो लाल म्हणजेच इझनिकची सही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर आला, लोहयुक्त मातीतून. भाजल्यावरही पृष्ठभागाच्या वर उठून राहतो. विकत घेताना डोळे मिटा आणि बोट फिरवा. लाल पाकळी बोटाला लागली तर हातानं काढलेली असण्याची शक्यता. सगळं गुळगुळीत सपाट असेल तर छापील समजा आणि छापील किंमत द्या.

दुसरी गोष्ट, खरी इझनिक टाइल ही चिनीमाती नव्हे. तिच्या अंगात मुख्यतः गारगोटीची भुकटी असते, मातीचा वाटा थोडा. म्हणून ती घडवायला त्रासदायक आणि म्हणून महाग. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत वीस हजारांवर टाइल्स लावल्या, त्यानंतर शतकभरात धंदा बसला. कारागिरी हरवली ती हरवलीच, १९९० च्या दशकात लोकांनी प्रयोग करकरून परत उभी केली.

आणि बुर्साचा हिरवा मकबरा इझनिकच्या टाइल्सचा आहे असंही तुम्हाला सांगितलं असेल.

---

गोदाकाठी

सांगितलं. बोला.

---

शंकेखोर

मेहमेद पहिल्याचा मकबरा, १४२१ च्या आसपास. आतलं काम तब्रीझच्या उस्तादांचं, तंत्रही वेगळं. बाहेरच्या निळसर टाइल्स तर १८५५ च्या भूकंपानंतर बऱ्याचशा नव्या लावलेल्या. त्या भूकंपानं बुर्साची दैना केली. उस्मान आणि ओरहानच्या कबरीही पडल्या. आज दिसतात त्या १८६३ मध्ये सुलतान अब्दुलअझीझनं बांधलेल्या.

---

अनुस्वार

त्या कबरी जिथे आहेत त्या टेकडीचं नाव टोपहाने. नगरमध्ये वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्या तोफखान्यात आजोबांचं घर होतं.

असे शब्द तिथे वाटेत पायाला लागतात. दुक्कान, मेयदान, पाझार, साबुन. येनीशेहिर वेस म्हणजे ‘नवं शहर’ वेस. आणि ती निलुफर. तुर्कीत हे नाव कमळाचं, आलं फारसीतून, आणि फारसीत गेलं आपल्या नीलोत्पलातून. परंपरा सांगते की ही निलुफर हातुन जन्मानं ग्रीक, एका बायझंटाइन सरदाराची मुलगी. म्हणजे ग्रीक मुलगी, संस्कृत मुळाचं नाव, तुर्की सासर, आणि मुलानं तिच्या नावानं काढलेलं अन्नछत्र.

---

खडे_बोल

सगळं छान छान चाललंय, पण चर्चची मशीद केली याबद्दल कुणीच काही बोलत नाही. २०११ मध्ये संग्रहालय बंद करून परत मशीद करायची काय गरज होती?

---

सडेतोड_पुणेकर

झालं! येणारच होतं हे. आता आपल्याकडची सगळी यादी येईल आणि धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

---

बोसफरस_बाबू

यादी नको, जे बघितलं ते सांगतो. इझनिकच्या हागिया सोफियात नमाजाची वेळ सोडून कुणीही जाऊ शकतं. तिकीट नाही. चित्र झाकलेलं नाही, मी गेलो तेव्हा तरी नव्हतं. गावातल्या एका म्हाताऱ्या चहावाल्याला मी हाच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, संग्रहालय होतं तेव्हा दाराला कुलूप असायचं. त्याचं तेवढंच.

दुसरी बाजूही आहे. गावातलं कोइमेसिस चर्च, मेरीच्या निधनाला वाहिलेलं, १९२२ च्या युद्धात जमीनदोस्त झालं. त्यातली मोझेक आता फक्त जुन्या फोटोंत आहेत. आणि १९२३ च्या लोझानच्या करारानं लोकसंख्येची अदलाबदल झाली. साधारण बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ग्रीसला, चारेक लाख मुसलमान तुर्कस्तानात. सक्तीनं, धर्म बघून. या भागातली अनेक घरं त्या काळात रिकामी झाली आणि त्यात ग्रीसमधून आलेले तुर्क राहायला आले. माझ्या घरमालकिणीची आजी सलोनिकाहून आली होती. तुर्की धड बोलत नव्हती म्हणे.

---

संपादक मंडळ

तीन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया प्रवासाला धरून लिहावे.

---

वसईकर

खडे_बोल, माझं विचाराल तर मला वाईट वाटतं. पण मी तिथे गेलो तर गालिच्याच्या कडेला उभा राहून मनातल्या मनात विश्वासांगीकार म्हणेन आणि बाहेर येईन. कुणी अडवणार नाही असं बाबू म्हणतायत, तेवढं मला पुरे.

---

तुतीवाला

गोदाकाठीताई, तुम्ही ते कोझा हान एका ओळीत उडवलं राव. आम्ही जालन्याचे, घरी अडीच एकर तुती. कोझा म्हंजे कोष ना? तिथं अजून कोषाचा लिलाव होतो का? भाव काय निघतो? आमच्याकडं बाजार भरतो जालन्यात, पण भाव पडला की पोटात गोळा येतो. दुबार कोष, म्हंजे वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या अळीचा, असतो का त्यांच्याकडं?

---

गोदाकाठी

तुतीवाला दादा, चुकलंच. बरोबर, कोझा म्हणजे कोष. १४९१ मध्ये बायझीद दुसऱ्यानं बांधलेली दुमजली सराई, मधे मोठं अंगण, झाडं, चहाची टेबलं, आणि अंगणाच्या मध्यभागी खांबांवर उचललेली छोटीशी मशीद, तिच्याखाली कारंजं. वरच्या मजल्यावर कमानींची ओळ, प्रत्येक कमानीत रेशमाचं दुकान. २००८ मध्ये ब्रिटनच्या राणीसाहेब आल्या होत्या, तो फोटो एका दुकानात लावलाय.

कोष मला एका दुकानात काचेच्या बरणीत दिसले, मूठभर, शोभेला. रुमाल आणि स्कार्फच सगळीकडे. भाव विचारायला दादाला पुढे केलं तर तो स्कार्फच घेऊन आला. दुबारचं बाबू सांगतील.

---

बोसफरस_बाबू

विचारून सांगतो. ऐकून आहे ते असं की पूर्वी अंगणात कोषांचे ढीग लागायचे आणि दलाल ढिगात हात घालून बोली लावायचे. आता ते नाही. तुती मात्र बुर्साच्या गल्ल्यांत अजून दिसते, जूनमध्ये खाली रस्ता जांभळा झालेला असतो.

---

तुतीवाला

ढिगात हात घालणं आमच्याकडं आजबी हाय. हात घातल्यावर कळतं कोष ओला हाय का, मऊ हाय का. मऊ निघाला की दलाल तोंड वाकडं करतो. पाचशे वर्षं झाली तरी दलाल तोच म्हणायचा.

---

पिंगुळीकर

बुर्साक जावन कारागोझ बगलात की नाय? त्याचा संग्रहालय आसा थंय. उंटाच्या कातड्याची बाहुली, मागसून दिवो, पुढे पांढरो पडदो. कारागोझ आणि हाजिवात. लोक सांगतत की ओरहान सुलतानाच्या मशिदीच्या बांधकामार ह्ये दोघे, एक लोहार, एक गवंडी. ह्यांच्या इनोदांक कामगार हसत ऱ्हवले, काम थांबला, सुलतानान दोघांचीय मुंडकी उडवली. मगे पश्चात्ताप. म्हणान कोणीतरी त्यांची बाहुली केल्यान.

आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाकडे चामड्याची बाहुली आसत. परशुराम गंगावण्यांक २०२१ साली पद्मश्री गावली. आमच्याकडे रामायण, त्यांच्याकडे भांडकुदळ लोहार. दिवो दोघांकडेय मागसूनच.

---

लिंबूटिंबू

बाकी सगळं झालं. शाकाहारी काय खाल्लं ते कुणी सांगेल का? इस्कंदर कबाबचे गोडवे गाणाऱ्यांनी क्षणभर थांबावं.

---

गोदाकाठी

इस्कंदर दादानं खाल्ला. पावाच्या तुकड्यांवर पातळ कापलेलं मांस, टोमॅटोचा रस्सा, बाजूला दही, आणि वेटर टेबलापाशी येऊन कढईतलं उकळतं लोणी वरून ओततो. चर्रर्र असा आवाज. आई मान फिरवून बसली होती.

आमच्या दोघींचे हाल. मसुरीचं सार मागवलं, अर्धं झाल्यावर दादानं विचारलं तर मांसाच्या पाण्यातलं. आईनं चमचा खाली ठेवला, काही बोलली नाही. मग चीज घातलेली पिडे, दही, ऑलिव्ह. इझनिकचे ऑलिव्ह मात्र अप्रतिम, काळे, सुरकुतलेले, आंबोशीसारखे चघळायचे. शेवटी पाकातले चेस्टनट. त्यावर आईचा दिवस निघाला.

---

बोसफरस_बाबू

सार मागवण्याआधी विचारायचं: "एत सुयु वार मी?" मांसाचं पाणी आहे का, असा अर्थ. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर तुकडे काढून तेच सार देतात, त्यांच्या दृष्टीनं ते शाकाहारी झालं.

बुर्साला वेगळा दिवस दिलात तर जुमालिकिझिक या खेड्यात जा, गावाबाहेर उलुदागच्या पायथ्याशी. उस्मानी काळातली लाकडी घरं, अरुंद दगडी गल्ल्या, मधोमध पाण्याचा पाट. २०१४ मध्ये बुर्साबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं. बायका दारात तवा मांडून गोझलेमे लाटतात, बटाटा किंवा पालकाचं सारण. आईंना पराठ्यासारखं लागेल. शनिवार-रविवार टाळा.

---

शंकेखोर

बुर्सात पळतपळत राहिलेली एक गोष्ट. ओरहानच्या मकबऱ्यात शिरल्यावर वर बघू नका, खाली बघा. ती जागा जुन्या मठाच्या चर्चची. फरशीचे रंगीत दगडी तुकडे अजून तिथे आहेत, कबरीच्या भोवती. ज्यानं निकेया घेतलं त्याची कबर बायझंटाइन फरशीवर, आणि त्यावर एकोणिसाव्या शतकाचं छप्पर.

---

गोदाकाठी

मी तिथे उभी होते आणि वर झुंबर बघत होते. गाइडनं घड्याळ दाखवलं.

---

मी_पण_जाणार

सप्टेंबरमध्ये जातोय, सोबत सासूसासरे. मग सहल घ्यावी की नाही, एका वाक्यात सांगा. बोटीत, मिनीबसमध्ये त्यांना झेपेल का?

---

गोदाकाठी

एका वाक्यात नाही जमणार. गुडघे असतील तर गाडी दारात येते हे सुख मोठं, ते मी नाकारत नाही. पण कंपनीला आधी तीन गोष्टी लेखी विचारा: इझनिकला प्रत्यक्ष किती तास, दुकानात किती वेळ, आणि दुकान टाळता येईल का. आम्ही विचारलं नाही. चारजण असाल तर गाडी आणि ड्रायव्हर स्वतःच ठरवा, सहलीच्या चार तिकिटांपेक्षा फार फरक पडत नाही असं आम्हाला नंतर कळलं. दुपारपर्यंत इझनिक, काठावर जेवण, आणि बुर्साला मुक्काम.

---

बोसफरस_बाबू

तुतीवाला दादांसाठी: काल कोझा हानमध्ये गेलो होतो. बरणीवाल्या म्हाताऱ्यांना तुमचा प्रश्न विचारला. त्यांना आधी वाटलं मला कोष विकत हवेत. जालन्यात आजही लिलाव होतो म्हटल्यावर बरणी उघडून एक कोष काढला, कानाशी धरून खुळखुळवला आणि माझ्या हातात ठेवला. तुमच्याकडचा एक फोटो मागितलाय त्यांनी, ढिगात हात घातलेला.

---

तुतीवाला

सोमवारी बाजारात जातो, काढतो. दलालाचं तोंड पण घेऊ का फोटोत?